बेरी, रानमेवा, सुपरफूड : मराठीत नेमकं काय म्हणायचं?

मिरजकर तिकटी :
नमस्कार मंडळी, एक अडचण आहे, मदत करा. आमच्या महिला बचत गटासाठी आहाराबद्दल एक साधं पत्रक करतेय, मूळ मजकूर इंग्रजीत आहे आणि त्यात पानापानावर बेरी आणि सुपरफूड. मी पहिल्याच वाक्याला अडकले. अनेकवचन तसंच ठेवलं तर 'रोज बेरीज खा' असं होतंय, म्हणजे वाचणारीला बेरीज-वजाबाकीच आठवणार. बरं 'बेरी खा' लिहिलं तर सासूबाई म्हणतात, खाऊ की, पण रोज एवढं लोणी कुठनं आणायचं कढवायला? त्यांचं बरोबरच आहे, तूप कढवल्यावर पातेल्याच्या तळाला खरपूस राहते ती बेरी, साखर घालून पोरं खातात ती. मग बेरीला एक मराठी शब्द आहे का? आणि सुपरफूडला?

पाचवी गल्ली :
एवढं काय अवघड आहे ताई. हिंदीत बेर, आपल्यात बोर, इंग्रजीत बेरी. एकाच शब्दाची तीन रूपं. बोर लिहा आणि मोकळ्या व्हा.

डोंगरवाट :
दादा, तसं नाहीये ते. कानाला सारखं लागतंय एवढंच. बोर आणि हिंदीतलं बेर हे दोन्ही संस्कृत 'बदर' वरनं आलेत, आणि इंग्रजी बेरी हा जर्मन-डच भाषांच्या घराण्यातला जुना शब्द, त्याचं मूळ वेगळं. दोघांचं काही नातं नाही. आणि शब्द बाजूला ठेवला तरी फळ म्हणून पण जुळत नाही, बोराला आत टणक आठळी असते, वनस्पतीशास्त्रात असल्या फळाला अश्मगर्भी फळ म्हणतात, आवळा पण त्यातलाच.

शास्त्रात बेरीला मराठी प्रतिशब्द आहे ताई, 'मृदुफळ'. विश्वकोशात वगैरे तोच सापडेल. पण तो पत्रकात घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे, कारण शास्त्रातली बेरी आणि बाजारातली बेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शास्त्राच्या हिशोबानं फुलातल्या एकाच अंडाशयापासून तयार झालेलं, आत गर आणि गरात बिया असलेलं फळ म्हणजे मृदुफळ, म्हणजे टोमॅटो मृदुफळ, वांगं मृदुफळ, द्राक्ष, केळं, पेरू, अगदी मिरचीसुद्धा. आणि जिच्या नावातच बेरी आहे ती स्ट्रॉबेरी मात्र नाही, तिचा आपण खातो तो लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला देठ असतो आणि वरनं ज्या बारीक बिया दिसतात ती तिची खरी फळं. रासबेरी, ब्लॅकबेरी पण नाहीत, त्या बारीक बारीक फळांचा घोस आहेत. तुती तर अख्ख्या फुलोऱ्याचं मिळून झालेलं फळ. म्हणजे 'मृदुफळं खा' लिहिलं आणि कुणी वांग्याची भाजी खाल्ली तर शास्त्राप्रमाणं तिनं सांगितलेलं ऐकलंच म्हणायचं.

इंग्रजी बोलणारा माणूस रोजच्या बोलण्यात बेरी म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात बारकी, गोल, रसाळ, आंबटगोड, झुडपावरनं तोडून तशीच तोंडात टाकायची फळं असतात. त्याला आपल्याकडं शब्द आहे की, रानमेवा! मेवा फारसीतनं आला, तिकडं त्याचा अर्थ नुसता फळ. आपण त्याला सुका जोडून सुकामेवा केला आणि रान जोडून रानमेवा केला, आणि हा दुसरा शब्द मला तर लै आवडतो कारण त्यात चव पण आहे आणि जागा पण आहे.

एप्रिल-मे मध्ये राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडनं बायका पाट्या घेऊन शहरात येतात बघा, त्या पाटीत काय काय असतं, करवंदं, जांभळं, तोरणं, आळू. प्रत्येकाला स्वतःचं नाव आहे. आणि नुसतं नाव नाही, करवंदाला तर पदवी आहे, डोंगराची काळी मैना! पोरं करवंद फोडून आत बघतात, लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. जांभळानं तर अख्ख्या मराठीला एक रंग दिलाय. जांभळा म्हणताना आता कुणाला फळ आठवत पण नाही इतका तो भाषेत मुरलाय. एवढं सगळं असताना आपण एका 'बेरी' मध्ये त्यांना कोंबायला बघतोय याचं मला मनापासनं वाईट वाटतं. इंग्रजीत एक पिशवी आहे, आपल्याकडं प्रत्येक फळाला आपलं आपलं घर आहे, म्हणून एक प्रतिशब्द शोधायचा हट्टच सोडा असं मी म्हणेन.

(आळू म्हणजे वडीचं अळू नव्हे हां. हे डोंगरातलं फळ, पिकल्यावर तपकिरी, मऊ, मुंबई-पुण्याच्या लोकांना हे दरवेळी सांगावं लागतं.)

मिरजकर तिकटी :
किती छान लिहिलंत. रानमेवा चालेल मला. पण मग स्ट्रॉबेरीचं काय करू, ती कुठं रानात येते? शेतात मल्चिंग पेपर टाकून लावतात. आणि मजकुरात गूजबेरी पण आहे, कोशात तिथं आवळा दिलाय.

आवळासुपारी :
ताई गूजबेरीला आवळा लिहू नका, फसाल!! आवळ्याला इंग्रजीत 'इंडियन गूजबेरी' म्हणतात, पण नुसती गूजबेरी म्हणजे युरोपातलं काटेरी झुडपाचं फळ, ते वेगळंच. आणि महाबळेश्वरला गूजबेरी म्हणून जे विकतात ते तिसरंच, पातळ कागदासारख्या टोपणातलं पिवळं फळ, ती केप गूजबेरी. तिला मराठीत टिपारी म्हणतात, हिंदीत रसभरी. आता रसभरी ऐकून लोक रासबेरी समजतात म्हणून अजून गोंधळ. टिपारीचं रानातलं बारकं भावंड आपल्याकडं शेताच्या बांधावर पावसाळ्यात उगवतं, आमच्या गावात त्याला पोपटी म्हणतात, काही ठिकाणी चिरबोटी पण ऐकलंय. ती टोपणं कपाळावर आपटून फोडायची असतात 😊

स्ट्रॉबेरीला स्ट्रॉबेरीच राहू द्या. आता ती आपलीच झालीय, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, शब्द बाहेरचा असला म्हणून काय झालं, मिरची तरी कुठं इथली होती.

पाचवी गल्ली :
बरं माझं बोर मागं घेतलं. पण एक माहिती देतो, आमची बेकरी लाईन आहे. केकवर आणि पानात जी लाल चेरी असते ना, ती बहुतेक वेळा चेरी नसतेच, करवंद असतंय. कच्चं करवंद बी काढून साखरेच्या पाकात मुरवून लाल रंग दिलेलं. म्हणजे गावाकडं करवंद कुणी विचारत नाही आणि त्याचंच नाव बदललं की केकवर मानाची जागा. पिकतं तिथं विकत नाही म्हणत्यात ते हेच.

डोंगरवाट :
हे लै महत्त्वाचं सांगितलंत. नाव बदललं की भाव बदलतो, सुपरफूड या शब्दाचं पण अगदी हेच आहे. तो शब्द कुठल्या डॉक्टरनं किंवा आहारशास्त्रज्ञानं काढलेला नाही, बाजारानं वाढवलाय. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला अमेरिकेत युनायटेड फ्रूट कंपनीनं केळी खपवायला जी जाहिरातबाजी केली तिथनं त्याची सुरुवात सांगतात. म्हणजे सुपरफूडचा पहिला मान केळ्याला, जे आपण देवाला रोज दाखवतो आणि पोरांच्या डब्यात घालतो. शास्त्रात सुपरफूडची व्याख्या नाही. युरोपात २००७ पासनं नियम आहे, आरोग्याचा मान्य झालेला ठोस दावा सोबत नसेल तर पाकिटावर सुपरफूड म्हणून माल विकता येत नाही.

मला विचाराल तर ताई, 'सकस' लिहा. कस हा आपला अस्सल शब्द, जमिनीचा कस, सोन्याचा कस, आणि स-कस म्हणजे ज्यात कस आहे असं. शेतकरी बाईला कसदार जमीन म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही, मग कसदार अन्न पण सांगावं लागणार नाही. 'महाअन्न', 'अतिअन्न' असले शब्द कुणीतरी सुचवतील, कृपा करून घेऊ नका, ते कुणाच्या तोंडी कधी बसणार नाहीत.

पाचवी गल्ली :
पण आजकाल सुपरफूड म्हटलं की पोरंबाळं लगेच खातात ओ. सकस म्हटलं की त्यांना शाळेतलं पुस्तक आठवतंय.

आवळासुपारी :
दोघांचं थोडं थोडं पटतंय. मी फूड सायन्स शिकतेय म्हणून शब्दाच्या आत काय आहे ते सांगते, शब्द तुम्ही ठरवा.

बेरी जातीच्या फळांचं जे कौतुक होतं ते मुख्यतः त्यांच्या रंगामुळं. लाल, निळा, जांभळा रंग देणारं अँथोसायनिन नावाचं द्रव्य असतं, जांभूळ खाल्ल्यावर जीभ रंगते ती त्यानंच. ब्लूबेरीत ते भरपूर, म्हणून ती प्रसिद्ध. पण पिकल्या करवंदात, जांभळात, तुतीत पण तेच कुळ आहे. अमेरिकेत नर्सेसवर झालेला एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये आला, त्यात ९३ हजारांवर बायकांना १८ वर्षं बघितलं, आठवड्यात तीन किंवा जास्त वेळा ब्लूबेरी-स्ट्रॉबेरी खाणाऱ्यांत हार्ट अटॅकचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं कमी दिसलं. चांगली गोष्ट आहे, पण हा निरीक्षणाचा अभ्यास, फळं खाणाऱ्या बायका बाकी पण नीट राहत असतील, म्हणून फळानंच वाचवलं असं ठामपणे म्हणता येत नाही. आणि पाकिटांवर ते 'अँटिऑक्सिडंटचा आकडा अमुक' छापतात ना, तसल्या आकड्यांची यादी अमेरिकेच्या कृषी खात्यानंच २०१२ मध्ये मागं घेतली, कारण टेस्टट्यूबमधला आकडा शरीरात तसाच लागू पडत नाही आणि कंपन्या त्याचा वाट्टेल तसा वापर करत होत्या.

आता क जीवनसत्त्व बघा. १०० ग्रॅम ब्लूबेरीत साधारण १० मिलिग्रॅम, स्ट्रॉबेरीत ६० च्या आसपास, आपल्या पेरूत २०० च्या वर आणि आवळ्यात त्याहूनही जास्त. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबानं प्रौढ बाईची दिवसाची गरज ६५ मिलिग्रॅम, म्हणजे एक मध्यम आवळा झाला की काम झालं! हे वाचून मला दरवेळी भरून येतं, कारण माझी आजी कार्तिकात आवळीभोजनाला आम्हाला झाडाखाली बसवायची, संक्रांतीला बारक्यांना बोरन्हाण घालायची, हंगामाचं फळ पोरांच्या पोटात जाईल याची सोय सणातच करून ठेवली होती.

आणि वाळवलेल्या ब्लूबेरी, क्रॅनबेरीच्या पाकिटाची मागची बाजू वाचा ताई, क्रॅनबेरी इतकी आंबट असते की नुसती खाणं अवघड जातं, म्हणून त्यात बहुतेक वेळा साखर घातलेली असते. हे पत्रकात नक्की लिहा.

मिरजकर तिकटी :
लिहिते. अजून तीन शब्द राहिलेत, चिया, किनोवा आणि मिलेट.

आवळासुपारी :
चियाला सब्जा लिहू नका, लोक सर्रास लिहितात. चिया मेक्सिकोकडचं, सब्जा हे तुळशीच्या जातीचं बी, दोन्ही पाण्यात फुगतात म्हणून घोळ होतो. हळीव तिसरं, बाळंतिणीच्या लाडवातलं. किनोवाला किनोवाच म्हणा, पण सोबत एक ओळ टाका की हा आपल्या चाकवताचा सख्खा नातेवाईक आहे, एकाच वंशातले पण जात वेगळी, आपण पाला खातो आणि दक्षिण अमेरिकेतले लोक दाणा खातात.

डोंगरवाट :
मिलेटला सरकारी शब्द बरेच झालेत. आधी भरडधान्य, मग पौष्टिक तृणधान्य, २०२३ च्या बजेटमध्ये श्री अन्न. माझं म्हणणं, नाव घ्या सरळ, नाचणी, ज्वारी, बाजरी, वरी. गगनबावड्याच्या, चंदगडच्या बाईला 'पौष्टिक तृणधान्य' म्हणजे तिच्याच उतारावरची नाचणी हे दोनदा वाचल्याशिवाय कळणार नाही. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात १२० च्या आसपास. नाचणीतलं सगळं अंगी लागत नाही हे खरं, पण मोड आणले किंवा आंबवलं तर जास्त लागतं, आणि आंबील हा शब्द कशावरनं आला हे वेगळं सांगायला नको.

मिरजकर तिकटी :
आता असं लिहिलंय, बघा बरं : 'हंगामात मिळणारा रानमेवा खावा. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, तुती, थंडीत आवळा, बोरं, पेरू. परवडली तर स्ट्रॉबेरीही चांगली. नाचणी, हळीव यांसोबत लिंबू किंवा आवळा घ्यावा, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. या सगळ्या सकस पदार्थांनाच हल्ली सुपरफूड म्हणतात.' दोन्ही शब्द ठेवलेत, पोरांसाठी पण आणि मोठ्यांसाठी पण.

पाचवी गल्ली :
एक नंबर. हे वाचून आमच्या आईलाबी कळंल.

डोंगरवाट :
फार सुंदर झालंय. एकच भर घाला. जांभूळ आलं की पाठोपाठ बियांची पावडर येते, बाजारात 'शुगरवर रामबाण' म्हणून विकतात आणि आमच्याकडं डोंगरात बरेच जण त्यापायी गोळ्या बंद करतात. रामबाण हा शब्द पत्रकात कुठंही येऊ देऊ नका. जांभूळ आवडीनं खा, डॉक्टरनं दिलेली औषधं सोडू नका, एवढं एक वाक्य ठळक अक्षरात टाका.

मिरजकर तिकटी :
टाकलं, पहिल्याच पानावर. प्रिंटला देण्याआधी पोपटी, चिरबोटी, टिपारी यातलं तुमच्या तुमच्या गावात काय म्हणतात तेवढं कळवा, तालुक्याप्रमाणं सगळी नावं छापते.