फायटरच्या टाकीसाठी देशी बदामाची पानं: विकत घ्यावीत की सोसायटीतली चालतील?

कोथरूडचा_फायटर:
नमस्कार मंडळी. २५ लिटरची टाकी, स्पंज फिल्टर, एकटा नर फायटर (बेटा मासा). ऑनलाइन वाळक्या बदामपानांचे भाव बघून हसू आलं, कारण आमच्या पार्किंगमध्ये देशी बदामाचं झाड आहे आणि सध्या रोज लाल पानांचा सडा पडतोय. ती चालतील का? उकळायची का? पाणी बोअरचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ६००च्या आसपास. पीएच खाली येईल अशी आशा आहे. शेजारी गप्पीची टाकी आहे, तिच्यातही टाकू का?

खाडीकाठ:
चालतील. फक्त आपणहून गळलेली घ्या. लाल असतील तर सावलीत कुरकुरीत होईपर्यंत वाळवा. हिरवी तोडून टाकलीत तर ती सडून पाणी नासवतात.
पण त्याआधी सोसायटीत विचारा, डासांसाठी धूर कधी मारला होता? त्यातली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं माशांना फार विषारी असतात, कोळंबीला तर त्याहून जास्त. धूर किंवा फवारणी होत असेल तर ते झाड सोडा. रस्त्याकडेचंही नको. २५ लिटरला वीतभर लांबीचं एक पान पुरे.

मत्स्यवेडी:
पान धुवायचं, पाच-दहा मिनिटं उकळायचं, गार करून टाकायचं. मुंग्या, अंडी, धूळ सगळं जातं आणि पान लगेच बुडतं.

खाडीकाठ:
ताई, उकळल्यावर निम्मा अर्क पातेल्यातच राहतो की! ते पाणी फेकू नका, गार करून थोडं थोडं टाकीत घाला. मी तर नुसतं धुऊन टाकतो. दोन-तीन दिवस तरंगतं, तरंगू दे. नर फायटर बुडबुड्यांचं घरटं बऱ्याचदा अशाच पानाच्या आडोशाला बांधतो. थायलंडमधले पैदासवाले पूर्वापार हीच पानं वापरतात.

बेसाल्ट:
पीएचचं मात्र विसरा. आपल्या दख्खनी बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. पानांतलं टॅनिन (पाणी तपकिरी करणारं तुरट द्रव्य), ह्युमिक आम्ल जे काही सुटेल ते त्यात जिरून जातं. पाणी कोऱ्या चहासारखं दिसेल आणि पीएच होता तिथेच. केएच (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण) मोजा, म्हणजे कळेल. मुंबईला तलावांचं मृदू पाणी येतं, तिथे हेच पान काम दाखवतं. ॲमेझॉनच्या रिओ नेग्रो नदीत पीएच ४-५ पर्यंत उतरतो, कारण तिथल्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच.
खरंच खाली आणायचा असेल तर आरओचं पाणी मिसळा. निव्वळ आरओ नको, पीएचला आधारच उरत नाही. पण बाजारातला फायटर तुमच्या पाण्यात रुळला असेल तर ही उठाठेव कशाला? रंग, आडोसा, कमी झालेला उजेड, एवढ्यासाठी टाका. गप्पीला कठीण पाणीच मानवतं. तिथे गरज नाही.

कोथरूडचा_फायटर:
बरं झालं विचारलं. दुकानदार म्हणाला, पानाने शेपटी कुजणं आणि पांढरे ठिपके दोन्ही बरे होतात?

बेसाल्ट:
अर्क प्रयोगशाळेत काही जिवाणूंची वाढ रोखतो, हे खरं. पण पांढरे ठिपके परजीवीमुळे होतात, त्याला औषधच लागतं. शेपटी कुजत असेल तर आधी पाणी बदला.

मत्स्यवेडी:
बदाम नाही मिळाला तर फणस, पेरू, केळीचं वाळलेलं पान चालतं. कोळंबी असेल तर तुती, चाटूनपुसून खातात. कण्हेर, रुई, नीलगिरी, कडुनिंब अजिबात नको.

नवखा_जलचर:
फणसालाही चीक असतो ना?

मत्स्यवेडी:
ओल्या पानाला. झाडाखालचं खडखडीत वाळलेलं घ्या. आणि हो, आठवड्याभरात पानावर पांढरट बुळबुळीत थर येईल. घाबरून टाकी रिकामी करू नका, गोगलगाई आणि कोळंबी तो खातात. पानाची नुसती जाळी उरली की नवं टाका, पण ढीग करू नका. सडताना ती ऑक्सिजन खातात.

कोथरूडचा_फायटर:
धूर मागच्याच आठवड्यात मारलाय म्हणे, त्यामुळे आमचं झाड बाद. बहिणीच्या परसात बदाम आहे, तिथून आणतो. फिल्टरमध्ये कार्बनची पिशवी आहे, राहू दे?

खाडीकाठ:
काढा ती. कार्बन सगळं टॅनिन शोषून घेईल आणि दोन दिवसांत पाणी पुन्हा नितळ, बिनरंगी.