किती पाडली यापेक्षा किती उरली

अमेरिकेतल्या डेन्व्हर टांकसाळीच्या १९२७ सालच्या डबल ईगलबद्दल (वीस डॉलरचं सोन्याचं नाणं) कुणी लिहिलंय, की १,८०,००० नाणी पाडली होती, मग ते दुर्मीळ कसलं? आकडा बरोबर आहे, पण त्यातली बहुतेक चलनात आलीच नाहीत. १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारने सोन्याचं चलन बंद केलं आणि तिजोरीतल्या नाण्यांच्या लगडी केल्या. आज जेमतेम डझन-दीड डझन नाणी माहीत आहेत. त्याच वर्षाची फिलाडेल्फियाची नाणी मात्र युरोपातल्या बँकांत पडून राहिली, म्हणून वाचली आणि आजही सहज मिळतात. फरक फक्त सालाच्या वरच्या इवल्याशा ‘डी’ (डेन्व्हरची खूण) अक्षराचा! म्हणूनच ते अक्षर मागाहून चिकटवलेलं नाही ना, हे भिंगाखाली आधी बघा.

अवस्थेबद्दल एक कळकळीची विनंती: नाणं घासूनपुसून चमकवू नका. पिशवीत एकमेकांवर आपटून पडलेले ओरखडे संग्राहक चालवून घेतात, पॉलिश नाही. टांकसाळीची मूळ झळाळी एकदा गेली की परत येत नाही, आणि सहज मिळणाऱ्या सालाच्या नाण्याला मग सोन्याच्या भावापलीकडे फारसं काही मिळत नाही.