शिवकालीन शिबिराला काय काय न्यायचं?

होटगीरोडकर: पुढच्या शनिवार-रविवारी नळदुर्गजवळ एका शेतात शिबिर आहे. अंगरखा-मुंडासं घालायचं, हातानं वस्तू करायच्या, रात्री राहुटीत झोपायचं. लेक सहावीत आहे, आम्ही दोघं तंबूत कधीच झोपलेलो नाही. काय नेऊ?

बाळीवेसची काकू: गेल्या वर्षी अशाच एका शिबिराला गेले होते. चिलखताच्या कामाला बसाच. सळईवर तार गुंडाळून कड्या कापायच्या, मग एकेका कडीत चार कड्या अडकवायच्या. दोन तासांत माझा तळहाताएवढा तुकडाही झाला नाही, बोटं तेवढी सोलली. पक्कड घरची न्या, तिथल्या बोथट होत्या. मोडी लिपी लिहायला बोरूची लेखणी तासताना चाकू मात्र तुम्हीच धरा. आणि चादर नको, घोंगडी न्या. चादरीच्या गावची, सोलापूरची असून सांगतेय! पहाटे राहुटी आतून ओली होते, चादर गार पडते, लोकर भिजली तरी ऊब देते.

होटगीरोडकर: आणि खायला?

काकू: कडक भाकरी, शेंगा चटणी. बास की.

पेठेतला: काकू, शेंगा आणि मिरची दोन्ही मूळच्या अमेरिकेतल्या. शेंगा चटणी शिवकालीन कशी ओ?

काकू: गप बस की रे. तिथं नाश्त्याला साबुदाण्याची खिचडी होती, तेव्हा कोण बोललं नाही.

होटगीरोडकर: घोंगडी आजोबांची आहे, माळ्यावर. उन्हात टाकलीय. डांबरगोळीचा वास जाईल ना दोन दिवसांत?