कोलोबानोवबरोबर लाव्रिनेन्को पण हवाच

दुसऱ्या महायुद्धात एकाच लढाईत २२ जर्मन रणगाडे उडवणाऱ्या कोलोबानोव या सोव्हिएत टँक कमांडरचा विषय निघालाय, मस्त, पण मग तसाच दुसरा सोव्हिएत टँक कमांडर दिमित्री लाव्रिनेन्को, त्याला का विसरताय राव? मूळचा दक्षिण रशियातल्या कुबानकडचा शाळामास्तर, १९४१ च्या ऑक्टोबरात मॉस्कोच्या दक्षिणेकडच्या म्त्सेन्स्क गावाजवळ कर्नल कातुकोवच्या ४थ्या टँक ब्रिगेडमधून लढायला लागला आणि डिसेंबरपर्यंत सोव्हिएत नोंदीनुसार ५२ जर्मन रणगाडे उडवले, म्हणजे जेमतेम अडीच महिन्यांत! आता असे आकडे दोन्ही बाजूंनी फुगवलेले असतात हे धरूनही कामगिरी भारीच आहे. त्यात तेव्हाच्या टी-३४ या सोव्हिएत रणगाड्याच्या टरेटमध्ये (वरच्या फिरत्या बुरुजात) दोघंच, कमांडरनेच बाहेर बघायचं, ऑर्डर द्यायची आणि तोफ पण त्यानेच डागायची, वेगळा गनर नाही, त्यामुळे समोरासमोर धडक मारण्यापेक्षा दबा धरून जवळून मारायचं हेच शहाणपण, आणि कातुकोवच्या ब्रिगेडने नेमकं तेच केलं. १८ डिसेंबरला वोलोकोलाम्स्कजवळ लढाई झाल्यावर रणगाड्याबाहेर असताना तोफगोळ्याचा तुकडा लागून गेला, वय फक्त २७. ऑर्डर ऑफ लेनिन मिळाली पण 'हीरो ऑफ द सोव्हिएत युनियन' हा सर्वोच्च किताब मिळायला १९९० उजाडलं, देशच मोडायला आला होता तेव्हा! कोलोबानोवला तर तेही नाही, 'रेड बॅनर' या त्याहून खालच्या पदकावरच बोळवण.