मदत हवी आहे: मतदान केंद्र परत जवळ आणायला अर्ज कुणाकडे करायचा? (नागपूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न नागपूरचा आहे, पण इतर महापालिकांतही असंच घडलं असणार, म्हणून सगळ्यांनाच विचारतो.

आमचा ले-आऊट मानेवाड्याकडचा, रिंग रोडच्या अलीकडे. आमचं केंद्र कायम कोपऱ्यावरच्या प्राथमिक शाळेत असायचं. 2017 ची महापालिका तिथेच, 2024 ची लोकसभा आणि विधानसभाही तिथेच. यंदा 15 जानेवारीच्या महापालिका मतदानाला मात्र आसपासच्या तीन जागांचे बूथ रिंग रोडपलीकडच्या एका मोठ्या शाळेत गेले. बूथ तेवढेच राहिले, इमारती कमी झाल्या. कागदोपत्री त्यामुळे काहीच बदललेलं दिसत नाही.

विचारलं तर म्हणतात, एका जागी बंदोबस्त सोपा जातो, मशीन पोचवायला गाड्या कमी लागतात. पटतं. पण दर बूथला केंद्राध्यक्ष आणि मतदान अधिकारी लागायचे ते लागतातच, म्हणजे वाचतं ते एवढंच. त्यासाठी अख्ख्या वस्तीनं रस्ता ओलांडायचा?

शेजारच्या काकूंचं सांगतो. वय 78, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मधे डिव्हायडर, त्यामुळे ऑटोला लांबून वळसा. त्यात ऑटो बॅरिकेडपाशीच थांबला. आत नऊ बूथ, आणि कोणता बूथ कोणत्या खोलीत ते एका कागदावर लिहून कडुलिंबाच्या खोडाला डकवलेलं, तेही बॉलपेननं. काकू अर्धा तास भलत्याच रांगेत. मोबाईल आत चालत नाही, म्हणजे बाहेर थांबलेल्या मुलाला विचारायचीही सोय नाही. त्यांनी मत दिलं, हट्टी बाई आहेत. आमच्या गल्लीतल्या बाकी म्हाताऱ्या गेल्याच नाहीत.

शिवाय महापालिकेच्या मतदानाला वेळ जास्त लागतो. एका प्रभागात चार जागा (आपल्याकडे 38 प्रभाग, 151 नगरसेवक, एकच प्रभाग तिघांचा), म्हणजे प्रत्येकाला चार मतं. वेळ सकाळी 7:30 ते संध्याकाळी 5:30, म्हणजे 600 मिनिटं. एका बूथवर 1000 नावं आणि 60 टक्के लोक आले धरा; माणशी एक मिनिट. त्या मिनिटात नाव शोधणं, शाई, सही आणि चार बटणं. आमच्या काकूंना पहिल्या मशीनवरचं चिन्ह शोधायलाच मिनिट लागतं.

तर विचारायचं ते हे. अर्ज कुणाच्या नावे करायचा? मतदान केंद्र 2 किलोमीटरच्या आत हवं असं ऐकलंय, ते महापालिकेलाही लागू आहे का? आणि आत्ताच अर्ज द्यावा, की पुढची निवडणूक जाहीर झाल्यावर? कुणी प्रत्यक्ष हे करून केंद्र बदलून घेतलं असेल तर कृपया सांगा.

—

संत्रानगरीकर: दोन आयोगांची गल्लत करू नका जी. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे, महापालिका राज्य निवडणूक आयोगाकडे. 2 किलोमीटर आणि बूथमागे 1200 मतदार (2025 मध्ये 1500 वरून कमी केले) हे निकष पहिल्याचे. अर्जात दाखला म्हणून लिहा, पण नियम म्हणून नका लिहू, तेवढ्यावरच फेटाळतील. अर्ज महापालिका आयुक्तांच्या नावे निवडणूक विभागात द्या, पोच घ्या, प्रत राज्य निवडणूक आयोगाला मुंबईला पाठवा. आणि आत्ताच द्या. निवडणुकीआधी हरकती मागवल्या त्या मतदार यादीवर. ठिकाणांची यादी आली तोवर उमेदवारांची धावपळ सुरू होती, तुमचं कोण ऐकणार? सोबत माहिती अधिकारात जागा बदलल्याचा आदेश आणि कारण मागा. दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर यायला हवं.

पुस्तकी किडा: केंद्रं कमी केली की काय होतं यावर अमेरिकेत चांगला अभ्यास झालाय. 2003 मध्ये लॉस एंजेलिस काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) राज्यपालाला (तिथे तो निवडून येतो) मुदतीआधी पदावरून काढायचं का, या मतदानासाठी पाच हजारांवरची केंद्रं एकोणीसशेच्या आत आणली. ज्यांचं केंद्र बदललं त्यांच्यात केंद्रावर जाऊन मत देणारे सुमारे तीन टक्क्यांनी घटले. त्यातले काही टपालाकडे वळले, म्हणून एकूण घट दोन टक्क्यांच्या आसपास राहिली. तिथे नुसतं अंतर नडलं नाही, नवी जागा शोधायचा व्यापही नडला. आपल्याकडे सामान्य मतदाराला टपाली मतदान नाही, त्यामुळे जो गेला नाही त्याचं मत गेलंच. लोकसभेला 85 वर्षांवरच्यांना घरून मतदान होतं, पण 78 च्या काकू त्यातही बसत नाहीत.

खडू-फळा: मी शिक्षिका, निवडणुकीची ड्युटी बऱ्याचदा केलीय, म्हणून दुसरी बाजूही ऐका. छोट्या शाळेत आदल्या रात्री मुक्काम म्हणजे काय ते आम्हाला विचारा. संडासाला कडी नाही, नळाला पाणी नाही, दिवा एक. मोठ्या शाळेत बूथ गेले की आम्ही बायका सुटकेचा श्वास टाकतो. त्यामुळे दादा, "जुनी शाळा परत द्या" एवढंच लिहिलं तर अर्ज बाजूला पडेल. शाळेचे फोटो जोडा: तळमजल्याची खोली, रॅम्प, आत-बाहेर जायला वेगळी दारं, चालू स्थितीतला संडास. नसेल तर आधी नगरसेवकाकडून ते करून घ्या, नवाच निवडून आलाय, सध्या फोन उचलतो. अर्जावर रहिवाशांच्या सह्या घ्याल त्यांपुढे प्रत्येकाचा मतदार यादीतला भाग क्रमांक लिहायला विसरू नका.