ज्युदोच्या वर्गात तीन आठवडे नुसते पडायलाच का शिकवतात?

वारणाकाठ
माझी अकरा वर्षांची मुलगी तीन आठवड्यांपासून ज्युदोच्या वर्गाला जाते आहे. मी स्वतः तरुणपणी लाल मातीत घुमलो असल्यामुळे तिला एव्हाना एखादा तरी डाव आला असेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तिचे प्रशिक्षक तिला मागे, कुशीवर आणि पुढे कोलांटी घेऊन पडायलाच लावतात, आणि ती घरी येऊनही गादीवर हात आपटत असते. ही पद्धत योग्य आहे का, आणि कुस्तीहून ज्युदो नेमका वेगळा कशात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तातामी
पद्धत योग्यच आहे. या पडण्याला ‘उकेमी’ म्हणतात. ज्युदोत प्रतिस्पर्ध्याला वेगाने, जोराने आणि ताबा ठेवून पाठीवर फेकले की ‘इप्पोन’ मिळून लढत तिथेच संपते. म्हणजे सरावात रोज कोणीतरी कोणाला तरी पाठीवर आपटणारच. पडताना माणूस सहज हात मागे टेकवतो आणि सारा भार मनगटावर, कोपरावर किंवा गळपट्टीच्या हाडावर येतो. ही सवय मोडण्यासाठी हनुवटी छातीला लावून नजर पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, श्वास सोडायचा आणि तळव्यापासून खांद्यापर्यंतचा हात शरीरापासून थोडा दूर, एकदम मॅटवर मारायचा. मुलगी घरी हात आपटते ती हीच तालीम.

यानंतर येते ‘कुझुशी’, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा तोल घालवणे. ‘ओसोतो गारी’ हा डाव पाहा: त्याची उजवी बाही खाली ओढत आणि कॉलरवरच्या हाताने त्याला मागे रेटत त्याचा भार उजव्या टाचेवर आणायचा, आपला डावा पाय त्याच्या पायाशेजारी टाकायचा आणि उजव्या पायाने त्याचा तोच पाय मागून झाडायचा. भार टाचेवर आलेला नसेल, तर पाय कितीही जोरात मारा, समोरचा खांबासारखा उभाच राहतो. नवशिके बहुधा इथेच ताकदीने वेळ मारून नेऊ पाहतात.

जुनी वही
पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोतील एका बौद्ध मंदिरात अवघ्या बारा तातामींच्या (जपानी चटयांच्या) जागेत कोदोकान या ज्युदोशाळेची सुरुवात केली. जुजुत्सू या जपानी निःशस्त्र युद्धकलेच्या जुन्या परंपरांमधील घातक प्रकार त्यांनी मोकळ्या सरावातून वगळले, आणि त्यामुळेच पूर्ण जोर लावूनही रोज खेळता येईल असा ‘रांदोरी’ हा सराव शक्य झाला. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदोचा समावेश झाला आणि खुल्या गटाचे सुवर्णपदक जपानऐवजी नेदरलँड्सच्या अँटोन गेसिंक यांनी जिंकले. महिलांना पदकांसाठी 1992 पर्यंत थांबावे लागले.

वारणाकाठ
मनापासून आभार. मग जमिनीवर चीत करण्याला काहीच महत्त्व नाही का? आणि आमची धोबीपछाड, पट हे डाव तिला उपयोगी पडतील का?

तातामी
महत्त्व आहे. प्रतिस्पर्ध्याला पाठीवर सलग 20 सेकंद दाबून धरले तरी इप्पोन मिळतो आणि 10 सेकंदांना ‘वाझा-आरी’. अशा दोन वाझा-आरींचा इप्पोन होतो. मोठ्यांच्या गटात गळा आवळून किंवा कोपराला पेच टाकून शरणागती घेता येते, आणि शरण जाणाऱ्याने दोनदा थोपटले की तत्क्षणी पकड सोडावी लागते. धोबीपछाडीची ‘सेओई नागे’ (खांद्यावरून फेकण्याचा ज्युदोतला डाव) ही सख्खी बहीण म्हणावी इतकी जवळची आहे, तेव्हा ती जरूर दाखवा. फक्त पकड अंगाला नसून ज्युदोगीच्या (ज्युदोच्या पोशाखाच्या) बाही-कॉलरला असते, हे ध्यानात घ्या. पटाचे मात्र तसे नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार उभ्याने लढताना हाताने पाय धरण्यावर 2010 पासून निर्बंध आले आणि 2013 पासून पूर्ण बंदी झाली, त्यामुळे तुमचा हातखंडा डाव तोच असेल, तर तिच्यासमोर तो काढू नका. एकदा हात पायाकडे जाण्याची सवय लागली की ती मोडताना प्रशिक्षकांच्या नाकी नऊ येतात.