गच्चीवरून फेकलेल्या बॉलला रेंजचा फॉर्म्युला का चालत नाही?

अकरावी_इंदूर
नमस्कार, मी इंदूरला अकरावीत आहे, भंवरकुव्याला कोचिंगला जातो पण तिथे सगळं हिंदी-इंग्लिशमध्ये भराभर होतं म्हणून इथे विचारतोय. गणित असं - २० मीटर उंच गच्चीवरून बॉल २० मीटर पर सेकंदने, आडव्या रेषेच्या वर ३० डिग्रीत फेकला, जी (ग्रॅव्हिटीचा प्रवेग) १० धरायचा, तर बिल्डिंगपासून किती लांब पडेल? मी रेंजचा, म्हणजे आडव्या अंतराचा फॉर्म्युला, यू स्क्वेअर साइन टू थीटा बाय जी (यू फेकण्याचा वेग, थीटा कोन) लावलं, ३४.६ आलं. मागे उत्तर ५६ दिलंय. आकडेमोड परत परत तपासली, बरोबर आहे. मग अडतंय कुठे?

बडोदेकर_ताई
अरे तो फॉर्म्युला फक्त बॉल निघाला त्याच लेव्हलला परत येतो तेव्हाच चालतो. तुझ्या ३४.६ मीटरवर बॉल गच्चीच्या उंचीला आलाय, अजून २० मीटर खाली जायचाय!
आधी वेग तोडून घे, आडवा २० कॉस ३० म्हणजे १७.३ आणि उभा २० साइन ३० म्हणजे १०. हवेचा विरोध सोडला तर आडव्या दिशेला ओढणारं कुणीच नाही, म्हणून १७.३ शेवटपर्यंत तोच. उभ्यात ग्रॅव्हिटी. वरची दिशा प्लस धर, मग जमीन मायनस २० वर येते. टी म्हणजे फेकल्यापासूनचा वेळ, आणि ५ म्हणजे जीचा अर्धा:
−२० = १०टी − ५टी²
टी² − २टी − ४ = ०
टी = १ + √५, म्हणजे ३.२४ सेकंद. आता १७.३ × ३.२४ = ५६. उभ्यातून वेळ काढायचा आणि तोच आडव्यात टाकायचा, बस.

ग्वाल्हेर_ट्यूशन
ताईंनी छान सांगितलं. पडताळा घ्यायचा तर तुकडे करून बघ, वर जायला १ सेकंद, तेवढ्यात ५ मीटर चढला, मग एकूण २५ मीटर खाली यायला √५ सेकंद. बेरीज तीच. मला तर मुलांना हीच रीत आधी शिकवावीशी वाटते कारण बॉल डोळ्यांसमोर दिसतो, नुसती चिन्हं नाही. आणि आकृती काढल्याशिवाय पेन चालवूच नकोस, ओरिजिन कुठे आणि प्लस कुठली दिशा ते तिच्यावर लिही. दोन्ही गती एकमेकींत ढवळाढवळ करत नाहीत आणि त्यातून पॅराबोला (बॉलची ती वक्र वाट) तयार होतो हे गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात मांडलं, या चॅप्टरचा सगळा जीव त्यातच आहे.

अकरावी_इंदूर
कळलं ताई, सर, थँक्यू! पण टी ची दुसरी किंमत १ − √५, म्हणजे −१.२४ येते, ती नुसती खोडायची का? आणि सगळ्यात वर वेग झीरो ना?

बडोदेकर_ताई
नाही रे, वर फक्त उभा वेग झीरो, आडवा १७.३ आहेच, नाहीतर बॉल तिथून सरळ खाली पडला असता. आणि मायनसवाली किंमत या गणितात खोडायची, पण अर्थ समजून घे. बॉल गच्चीऐवजी जमिनीवरूनच निघून याच वाटेने आला असता आणि गच्चीपाशी त्याचा वेग हाच असता, तर तो गच्चीपाशी पोचण्याच्या १.२४ सेकंद आधी जमीन सोडून निघाला असता. टी मध्ये −१.२४ टाकून बघ, −२० च येईल.